नऊ पायांची चिंबोरी

गुरुवार, १४ मार्च १९९१. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. वासंती रेगे यांनी एका मुलीने काढलेल्या खेकड्याचे पाय मोजले. ते नऊ भरले.

टेबलावरच्या बरणीत खरा खेकडा होता. बाईंनी त्याचेही मोजले. नांग्या धरून दहा.

"खेकड्याला पाय किती?"

"दहा, मॅडम."

"मग एक कुठे ठेवून आलीस?"

मुलीने आधी वहीकडे पाहिले, मग बरणीकडे. "पुस्तकात असाच आहे, मॅडम."

बाईंनी शेजारच्या मुलाची वही ओढली. नऊ. त्याच्या मागच्याची, नऊ. वीस जणांच्या तुकडीत एकोणीस खेकडे नऊ पायांचे निघाले आणि सगळ्यांचा तोच एक पाय गेलेला होता: डावीकडचा, सर्वांत मागचा. विसाव्या खेकड्याला अकरा होते. तो आपण मनानेच काढल्याचे त्या मुलाने कबूल केले.

पुस्तक मागवले गेले. लेखक प्रा. गुरुदत्त टिपणीस, ठाण्यातल्या एका कॉलेजचे प्राणिशास्त्र विभागप्रमुख. आकृती क्रमांक ३७. नऊ. बाईंनी परीक्षा पुरी केली, सगळ्यांना सारखे गुण दिले आणि डोंबिवलीला घरी गेल्या. तिथे त्यांच्या स्वतःच्या कॉलेजातल्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यात सहा वर्षांचे खेकडे होते, सगळे नऊ पायांचे, आणि प्रत्येकाखाली बाईंच्याच अक्षरात लाल शाईने ‘उत्तम’ लिहिलेले होते. टिपणीसांना त्यांनी दुसऱ्या दिवशी जे पत्र पाठवले त्यात या गठ्ठ्याचा उल्लेख नव्हता.

पुस्तक १९८५ साली निघाले. इंग्रजीत, प्रथम वर्ष बी.एस्सी.साठी, कल्याणच्या गोकर्ण प्रकाशनाने काढलेले. आकृत्या शहाऐंशी. आतल्या पानावर छापले होते की सर्व आकृत्या मूळ असून लेखकाने स्वतः काढल्या आहेत. प्रस्तावनेत लेखकाने प्राचार्यांचे, पत्नी सौ. हेमा यांचे, प्रकाशक मधु वैशंपायन यांचे, टंकलेखकाचे आणि बांधणी करणाऱ्याचे आभार मानले होते. दामाजी नाखवांचे नाव कुठेच नव्हते.

शहाऐंशी आकृत्या दामाजींनी काढल्या होत्या.

दामाजी त्याच विभागात लॅब अटेंडंट. चेंदणी कोळीवाड्यात घर. शाळा नववीपर्यंत, पण चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा पास, दुसरीत ‘ए’. दुपारी लॅब रिकामी झाली की ते खिडकीजवळच्या ओट्यावर बसत आणि बारीक निबाने, काळ्या शाईने ठिपके देत प्राणी उभा करत. कोळंबीच्या मिशीला त्यांना एक दुपार लागे. त्यांचा नियम एकच होता: समोर आहे ते काढायचे. टिपणीस सरांनी सुरुवातीला परदेशी पुस्तकातली चित्रे समोर ठेवून पाहिली. दामाजी म्हणाले, "सर, या कोलंबीला मी वळखत नाय."

तेव्हा प्राणी घरून येऊ लागले. दामाजींची बायको सगुणा ठाण्याच्या मासळी बाजारात बसे. नौपाड्याकडची गिऱ्हाइके गुरुवारी मासे खात नाहीत, त्यामुळे गुरुवारी टोपलीत काही ना काही उरे. ते शुक्रवारी सकाळी डब्यातून कॉलेजात जाई. पुस्तकातले बहुतेक प्राणी शुक्रवारी काढलेले आहेत याचे कारण हे.

पुस्तक आले त्या दिवशी दामाजी एक प्रत घेऊन कोळीवाड्यात गेले. सगुणाचा भाऊ गोमाजी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता, इंग्रजी वाचायचा. ओट्यावर सातआठ जण जमले. गोमाजीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले.

"भाओजी, बांधनीवाल्याचा नाव हाय. तुमचा कुठं हाय?"

"असंल. नीट बघ."

"बगितला. शाई संपली वाटतं त्यांची."

त्या दिवसापासून दामाजींना कोळीवाड्यात ‘आर्टिस्ट’ म्हणू लागले. हळदीत, साखरपुड्यात, होळीला. "आर्टिस्ट आले, खुर्ची द्या." दामाजी बसत. त्यांनी सरांना विचारले तेव्हा सर म्हणाले होते, "अरे दामाजी, राहून गेलं बघ. पुढच्या आवृत्तीत नक्की." पुढच्या सहा वर्षांत पुस्तक चारदा छापले गेले. दर वेळी दामाजी विचारत आणि सर समजावून सांगत की हे पुनर्मुद्रण आहे, आवृत्ती नव्हे. हा फरक दामाजींनी गोमाजीला सांगून पाहिला. गोमाजीने तो सगळ्या कोळीवाड्याला सांगितला आणि तेव्हापासून कुणी दुसऱ्यांदा जेवायला बसले की त्याला "ही आवृत्ती की पुनर्मुद्रण?" असे विचारले जाऊ लागले.

रेगेबाईंचे पत्र १९ मार्चला ठाण्यात पोचले. सरांनी ते वाचले, कपाटातून पुस्तक काढले, पेन्सिलीचे टोक एकेका पायावर टेकवत मोजले. मग उलट बाजूने मोजले.

"दामाजी!"

दामाजी काचेच्या नळ्या धूत होते. हात पुसत आले.

"हा खेकडा तुम्ही काढलात ना?"

एरवी सर त्यांना अरे-तुरे करत. दामाजींनी पुस्तकाकडे पाहिले, सरांकडे पाहिले.

"काय म्हणालात, सर?"

"हा खेकडा. तुम्हीच काढलात ना?"

"आणखी एकदा बोला."

"दामाजी, थट्टा नाही ही! नऊ पाय आहेत याला!"

"हो," दामाजी म्हणाले. "नऊच होते."

सरांनी पुढचे ऐकले नाही. त्यांनी त्याच दुपारी रेगेबाईंना उत्तर लिहिले: आकृती ३७ ही विभागातील अटेंडंट श्री. दामाजी नाखवा यांनी काढलेली असून झालेली चूक त्यांची आहे. प्रकाशकालाही कळवले. दुकानांत आणि गोदामात मिळून अकराशे प्रती शिल्लक होत्या. मधु वैशंपायनांनी जूनमध्ये बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या छापल्या आणि प्रत्येक प्रतीत आकृतीसमोर चिकटवून घेतल्या. चिठ्ठीतल्या इंग्रजी मजकुराचा मराठीत अर्थ असा: ‘खेकड्यास नऊ नव्हे, दहा पाय असतात. चूक चित्रकार श्री. दामाजी नाखवा यांची. लेखक दिलगीर आहे.’

दामाजींनी ती वाचली. पुन्हा वाचली. ‘चित्रकार’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवले. मग कल्याणला मधुशेटना फोन लावून पंचवीस चिठ्ठ्या मागवून घेतल्या.

रविवारी ओट्यावर वाटप झाले. गोमाजीने चिठ्ठी उजेडात धरली.

"आला बाबा! नाव आला. चित्रकार श्री. दामाजी नाखवा!" त्याने मोठ्याने वाचले आणि थांबला. "पन भाओजी, हा तर गुन्हा कबूल केल्यासारखा हाय."

"नाव बरोबर हाय की नाय?"

"नाव बरोबर हाय."

"मग वाच पुढं."

गोमाजीने उरलेली चिठ्ठी मराठीत सांगितली. सगुणा आत भाकऱ्या करत होती. ती पिठाच्या हाताने बाहेर आली.

"कुनाची चूक?"

"भाओजींची. चिंबोरीचा एक पाय काढला नाय त्यांनी."

"मागचा? डावा?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"तो मी मोडला," सगुणा म्हणाली.

तिला दिवसही आठवत होता, कारण गिऱ्हाईक आठवत होते. संक्रांत तोंडावर आलेली, गुरुवार, बाजार थंड. एक चष्मेवाली बाई हिरवी पिशवी घेऊन आली. तिने चिंबोऱ्या उलट्यासुलट्या केल्या आणि विचारले, भरलेली आहे का? कुणी असे विचारले की सगुणा वाद घालत नसे. मागचा एक पाय मोडायची, दाबून आतले मांस दाखवायची. तसे दाखवले. बाईला पटले. भाव ठरला, चिंबोरी पिशवीत पडणार, तेवढ्यात बाई म्हणाली, "अगं बाई! आज गुरुवार नाही का?" आणि निघून गेली.

"पाय मोडलेली चिंबोरी दुसरा कोन घेनार? ती शुक्रवारी यांच्या डब्यात दिली," सगुणा म्हणाली. "चूक कसली? त्यांनी होती तशी काढली. मी येते उद्या तुमच्या सरांकडं."

"तू नको येऊस," दामाजी म्हणाले.

सोमवारी, ८ जुलै रोजी, दुपारी एक वाजता सगुणा टोपलीसकट प्राणिशास्त्र विभागात हजर झाली. टोपलीत दोन चिंबोऱ्या होत्या. एक अख्खी, एक नऊ पायांची. तिने दोन्ही सरांच्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या शेजारी ठेवल्या. सरांनी उत्तरपत्रिका उचलल्या.

"सर, ही बघा आनि ही बघा. आता ही काढा."

"कोणी काढायची?"

"तुमी. पुस्तकात लिवलंय ना, सगळी तुमी काढली. ही समोर हाय. किती पाय काढाल?"

"बाई, शास्त्रात असं चालत नाही. शास्त्रात खेकडा म्हणजे... खेकड्याची जात. एखादा खेकडा नव्हे."

"मग जातीचा फोटो कुठं मिलतो?"

दारात उभी राहिलेली मुले हसली. सरांनी दामाजींकडे पाहिले. दामाजी भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडे पाहत होते.

"सर," दामाजी म्हणाले, "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलेलं. चित्राच्या मागं लिहून दिलेलं."

"मला काही आठवत नाही."

चिंबोऱ्या सगुणाने परत नेल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी सौ. टिपणीस यांनी त्यांचे काय केले याची माहिती मिळालेली नाही. एवढे मात्र विभागातल्या शिपायाने पाहिले की चिंबोऱ्या सरांच्या घरी हिरव्या पिशवीतून गेल्या. ठाण्यात हिरव्या पिशव्या पुष्कळ आहेत, असे त्यावर सरांचे म्हणणे आहे.

दरम्यान डोंबिवलीहून रेगेबाईंचे दुसरे पत्र आले होते. बाई नव्या अभ्यासक्रमाच्या समितीवर होत्या आणि पत्र तीन ओळींचे होते. आकृती ३७ नाखवा यांची असल्याचे आपण कळवले, आभारी आहे. आतल्या पानावर मात्र सर्व आकृत्या लेखकाच्या असल्याचे छापले आहे. तरी उरलेल्या पंच्याऐंशी कुणाच्या, ते कृपया कळवावे.

या पत्राला सरांनी अकरा दिवस उत्तर दिले नाही. बाराव्या दिवशी लिहिले की उरलेल्या पंच्याऐंशी आपल्याच आहेत. फक्त आकृती ३७ च्या दिवशी आपल्याला ताप असल्याने ते काम नाखवांकडे दिले होते.

पत्राची प्रत टाईप करायला ऑफिसात गेली आणि तिथून दुपारपर्यंत मजकूर लॅबमध्ये पोचला. दामाजींनी तो ऐकून घेतला आणि प्रथमच आवाज चढवला, तोही नळाकडे तोंड करून.

"एकच? तोही मोडका?"

घरी त्यांनी सगुणाला सांगितले. सगुणा म्हणाली, "चित्रं कुठं हायत? मूळची?"

"मधुशेटकडं. कल्यानला."

"मग चला."

२५ जुलैला दोघे एस.टी.ने निघाले. शीळफाट्यावर एक ट्रक आडवा पडला होता, तिथे पाऊण तास गेला. दामाजींनी वेळ मोजली, कारण अर्ध्या दिवसाची रजा होती. गोकर्ण प्रकाशनाचे ऑफिस छापखान्याच्या वरच्या माळ्यावर. मधु वैशंपायन साठीचे, खादीचा शर्ट, बोलताना छपाईच्या अक्षराचा सुटा खिळा हातात फिरवत. त्यांनी कपाट उघडले आणि तपकिरी पुठ्ठ्याची फाइल काढली. एकही चित्र त्यांनी फेकले नव्हते. फेकायचे कसे ते आपल्याला कळत नाही, असे ते म्हणाले.

आकृती ३७. मधुशेटनी कागद उलटा केला. पेन्सिलीने, गोल अक्षरात लिहिले होते: ‘एक पाय नाही (मागचा, डावा). दुसरा खेकडा मंगळवारी आणतो. थांबावे का? दामाजी.’ त्याखाली लाल शाईने, तिरक्या अक्षरात: ‘थांबायला वेळ नाही. ठीक. गु. टि. १२-१-८५.’

"हे तापातलं अक्षर वाटत नाही," दामाजींकडून तापाची हकीगत ऐकलेले मधुशेट म्हणाले.

मग त्यांनी बाकीचे कागद उलटले. प्रत्येकामागे पेन्सिलीची ओळ होती. आकृती १२: ‘कोळंबी, सगुणाची टोपली, गुरुवारची.’ आकृती २०: ‘बेडूक, कॉलेजच्या टाकीतला, जिवंत, सारखा हलतो.’ आकृती ५८: ‘बोंबील. लवकर काढला, वास.’ शहाऐंशी कागद, शहाऐंशी ओळी, एकच अक्षर. मधुशेट खाली बसले.

"दामाजीराव, मी छापताना फक्त पुढची बाजू बघितली हो."

"मागची कुनी बघत नाय," सगुणा म्हणाली.

"आता नवा अभ्यासक्रम येतोय. जून ब्याण्णवपासून. म्हणजे पुस्तक पुन्हा जुळवावं लागणार." त्यांनी खिळा टेबलावर ठेवला. "ही आवृत्ती होईल. पुनर्मुद्रण नाही."

ही बातमी कोळीवाड्यात संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोचली. गोमाजीने आर्टिस्टना खुर्ची दिली आणि या वेळी स्वतः खाली बसला.

नव्या आवृत्तीचे तिसरे पान, म्हणजे आकृत्यांचा उल्लेख असलेले, एप्रिल १९९२ मध्ये जुळवले गेले. पहिले प्रूफ मधुशेटनी स्वतः लिहून दिले होते: ‘सर्व आकृत्या: दामाजी नाखवा.’ ते ठाण्याहून दुरुस्त होऊन आले: ‘आकृती ३७: दामाजी नाखवा.’ मधुशेटनी आकृती १२ च्या मागच्या बाजूची झेरॉक्स जोडून ते परत पाठवले. पुन्हा आले: ‘आकृत्या: लेखकाच्या मार्गदर्शनाखाली विभागातील कर्मचाऱ्यांनी.’ मधुशेटनी सगळ्या शहाऐंशी मागच्या बाजूंच्या झेरॉक्स पाठवल्या आणि एक प्रत डोंबिवलीला रेगेबाईंना. बाईंनी समितीच्या कागदावर उत्तर दिले की पुस्तक शिफारशीच्या यादीत घ्यायचे तर आतल्या पानावर खरे ते छापलेले असावे. त्याच पाकिटात त्यांनी एक खासगी चिठ्ठी दामाजींच्या नावे घातली होती. तिच्यात आपण सहा वर्षे नऊ पायांना ‘उत्तम’ दिल्याचे त्यांनी अखेर लिहिले. चित्र उत्तमच होते, असे पुढे एका ओळीत होते.

सरांनी मे महिन्यात दामाजींना केबिनमध्ये बोलावले. दार लोटले होते, पण वरची काच फुटलेली असल्याने बोलणे बाहेर ऐकू येत होते.

"दामाजी, अरे, इतकी वर्षं आपण एकत्र आहोत. आतल्या पानावर लेखकाच्या बरोबरीनं अटेंडंटचं नाव... लोक काय म्हणतील, की मला खेकडासुद्धा काढता येत नाही?"

"येतो का, सर?"



"नाही," सर म्हणाले.

"मग म्हणू देत की."

"आणि तो दहावा पाय तेवढा लावून दे. जुन्याच चित्राला. दोन मिनिटांचं काम."

"नाय, सर. तिला नव्हता. लावला तर माझ्या नावावर खोटा पाय जाईल. नवी चिंबोरी आणतो, नवा काढतो. पण आधी तिसरं पान."

"आधी खेकडा."

"आधी पान."

इथपर्यंत ऐकू आले, मग घंटा झाली.

जून उजाडला, मुलांचे प्रवेश झाले. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या दुकानांत मुले पुस्तक विचारून जात आहेत. त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले जाते. मधुशेटनी बाकीचे सगळे फॉर्म, म्हणजे पानांचे ताव, छापून घेतले आहेत. आकृती ३७ ची जागा चौकोन आखून मोकळी ठेवली आहे. तिसऱ्या पानावर ‘सर्व आकृत्या:’ एवढे शब्द जुळवलेले आहेत आणि पुढचे खिळे वेगळ्या डबीत काढून ठेवले आहेत. त्या पानाचे शेवटचे प्रूफ सरांनी २० जूनला घरी नेले. ते अजून परत आलेले नाही. सौ. टिपणीस यांनी ते वाचल्याचे आणि जेवताना सरांशी काही बोलल्याचे कळते.

गुरुवार, २५ जून १९९२ रोजी संध्याकाळी सगुणाच्या टोपलीत एक चिंबोरी उरली. कुणी भरलेली आहे का म्हणून विचारले नव्हते. शुक्रवारी सकाळी साडेदहाला ती प्राणिशास्त्र विभागातल्या ओट्यावर पाण्याच्या ट्रेमध्ये होती. पाय दहा. शेजारी कोरा कागद, निब आणि शाईची बाटली. बाटलीचे झाकण उघडलेले नव्हते; आधी पान, हे दामाजींचे म्हणणे कायम होते. अकरा वाजता केबिनमधला फोन वाजला, कल्याणहून. सरांनी तो उचलला आणि दार लावून घेतले. फुटलेली काच गेल्या आठवड्यात बदलली असल्याने ते काय म्हणाले, ते बाहेर कुणाला ऐकू आले नाही.